लारिसाचं माहेर

पुरुषोत्तमनगर,
९ फेब्रुवारी २०२५

धर्मेंद्र,

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, म्हणून पत्र. आनसानचा तुझा पत्ता लारिसाने कोरियन अक्षरांत लिहून दिला. तिला ती लिपी वाचता येते, लिहिताना थांबावं लागतं. शहाद्याच्या पोस्टात खिडकीवरच्या बाईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "चीनला का?" मी म्हटलं, कोरियाला. "एकच ते," त्या म्हणाल्या. गावातही तेच चालतं. तुझ्या बायकोला गाव 'चिनी ववू' म्हणतं, चिनी सून. आई लता म्हणते. लारिसा त्सोई हे नाव मी आणि तिचा पासपोर्ट, आम्ही दोघंच वापरतो.

आई बरी आहे असं लिहिणार नाही. आई आहे. डावं अंग तसंच. बोलणं बरंच सुधारलं, शिव्या तर पूर्वीसारख्या स्वच्छ येतात. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी तिचा डावा हात वर केला, बोटं उघडून पाहिली आणि विचारलं, रोज व्यायाम कोण करून घेतं? कुठली नर्स आहे? नर्स नाही. तुझी बायको आहे. दिवसातून तीनदा, मोबाइलवर वेळ लावून.

तुला आठवत नसेल तर क्रमाने सांगते. २०२३ च्या दिवाळीत तू तिला आणि तुमच्या पोरीला, आलिनाला, घेऊन महिन्यासाठी आलास. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आई मोरीत पडली. तू पंधरा दिवस थांबलास. जाताना ओसरीवर सगळ्यांसमोर म्हणालास, लारिसा तोवर थांबेल, पुढच्या महिन्यात येऊन दोघींना नेतो. पुढचा महिना अजून लागलेला नाही. चौदा झाले.

मी रविवारी जाते. केळी किंवा मोसंबी नेते, पाहुण्यासारखी. दोन तास बसते. आईला माझ्याकडे आणता येत नाही, ती लेकीच्या घरचं पाणी पीत नाही, हे तुला माहीत आहे. मलाही माहीत आहे. ते माहीत असण्याचा मला किती आधार वाटतो, ते इथे लिहीत नाही.

आता मुद्दा. ११ मेला लारिसाची आई साठ वर्षांची होते.

त्यांच्यात माणसाला आयुष्यात मेजवानीची तीन टेबलं मिळतात. वर्षाचं झाल्यावर एक, लग्नात एक, साठीचं एक. पहिली दोन आईबाप मांडतात. तिसरं मुलांनी मांडायचं. मुलं, जावई, नातवंडं ओळीने येतात, डोकं जमिनीला टेकवतात, पेला भरून देतात. साठीचं मांडलं नाही तर मुलांचं देणं राहिलं असं नाही. मुलं नव्हतीच असं धरतात. त्यांच्या घरात हे दोन दिवस आधी चालतं, तारीख उलटल्यावर चालत नाही. तिला भाऊ नाही, बहीण नाही. बाप बिश्केकमध्ये वारला. ती एकटी आहे आणि आलिना आहे.

तू तिला सांगितलंस, जूनमध्ये आठ दिवस ये. माझं इथे राहण्याचं कार्ड वाढवायला सही कर. साठी तेव्हाच उरकून घे. आलिनाला आईजवळ ठेवून ये, म्हणजे परत जायची ओढ राहील.

ओढ हा शब्द तुझा आहे. तिने मला तो जसाच्या तसा म्हणून दाखवला आणि अर्थ विचारला. मी मराठीची शिक्षिका. मी म्हटलं, प्रेमासारखं काहीतरी.

तिला फोन कर. मे म्हण. मला करू नकोस.

मयूरी

पुरुषोत्तमनगर,
४ मार्च २०२५

धर्मेंद्र,

उत्तर तू राजेंद्रला पाठवलंस. माझ्या पत्राचं उत्तर माझ्या नवऱ्याला, आवाज रेकॉर्ड करून. त्याने ते जेवताना लावलं. सात मिनिटं तू बोललास आणि आमची आमटी गार झाली.

तू म्हणालास, "दाजी, ताईला समजवा. ती घरात बसून कायदे करते. मी इथे बारा तास उभा असतो." उभा असशील. कुणाच्या जिवावर उभा आहेस, ते सांगायचं राहिलं. कोरियाने तुला बोलावलेलं नाही. कोरियाने लारिसाला घेतलं, कारण तिचे पणजोबा तिथले. तिच्या कागदाला तुझा कागद टाचलेला आहे. ती कोरियन म्हणून तू तिथला नवरा. आणि ती कुठे? आपल्या ओसरीवर, आपल्या आईची चादर बदलते आहे.

मग तू म्हणालास, "तिला धड कोरियनही येत नाही. आयुष्य रशियन बोलण्यात गेलं. कसली कोरियन आणि कसले रिवाज. साठी जूनमध्ये केली तर काय आभाळ कोसळतं?"

राजेंद्र हसला. सवयीने हसला, मी त्याच्याकडे पाहिल्यावर थांबला.

आपली आजी गुजरी बोलायची. आईला ती अर्धी येते. आपण दोघं अहिराणीत भांडलो आणि मी पोट मराठीवर भरते. तुला कुणी कधी विचारलं का, कसला गुजर म्हणून? तू तर लग्नाच्या आदल्या दिवशी बिश्केकहून फोन करून कुळदेवीला नारळ चढवायला सांगितलं होतंस.

परवाच्या रविवारी ती गाजरं किसत होती. तेच, बारीक लांब किसून मीठ-व्हिनेगर लावायचं, लसूण, कुटलेले धणे, तिखट घालायचं आणि वरून कडकडीत तेल. गावात आता चार घरी होतं. शेजारची शोभाबाई तर भाकरीबरोबर खाते आणि म्हणते, "चिन्यास्ना हाऊ एक गुन बराबर शे." मी लारिसाला विचारलं, कोरियात हे असं करतात का? ती म्हणाली, नाही, तिथे कुणी ओळखत नाही. तिथे कोबी. माळावर आणून टाकलेल्या लोकांना कोबी मिळाला नाही, गाजर मिळालं. तिची आई आनसानच्या कारखान्यात डब्यात हे घेऊन गेली तर बाजूच्या बाईने विचारलं, हे रशियन लोणचं का? बिश्केकमध्ये तिला आयुष्यभर कोरियन म्हणाले. कोरियात आल्यावर रशियन म्हणायला लागले. आठवड्यातून दोनदा ती बाई पाळी संपवून वर्गाला जाते आणि साठाव्या वर्षी स्वतःच्या पूर्वजांची बाराखडी गिरवते.

मग लारिसाने आजीचं सांगितलं. ते तू ऐकलं आहेस की नाही, मला माहीत नाही. ऐकलं असशील आणि तरीही जून म्हणत असशील तर तुला काय म्हणावं तेही माहीत नाही.

आजी १९३६ च्या ऑक्टोबरात जन्मली, रशियाच्या पूर्वेच्या टोकाला, कोरियाच्या हद्दीजवळ. पुढच्या वर्षी सरकारने तिकडचे सगळे कोरियन मालगाड्यांत भरले. जपानची हेरगिरी करतील म्हणून. गाडी महिनाभर चालली. मध्य आशियात माळावर उतरवलं. पहिला हिवाळा लोकांनी जमिनीत खड्डे खणून काढला. आजी वर्षाची झाली ती गाडीत. पहिलं टेबल मांडलं गेलं नाही.

ज्याचं पहिलं राहिलं, त्याला शेवटचं घेता येत नाही. १९९६ मध्ये तिच्या साठीला तुझ्या सासूने, गालिनाने, हट्टाने सगळं रांधलं, शेजारून ताटं आणली. म्हातारी आली नाही. मागच्या खोलीत बसून राहिली. "माझं पहिलं गाडीत राहिलं," एवढंच म्हणाली. लारिसा चार वर्षांची होती. तिला आठवतं, आईने भरलेली ताटं एकेक करून पुन्हा झाकली आणि शेजाऱ्यांकडे पोचवली. ज्या मुलीला आईचं टेबल मांडता आलं नाही, तिचं टेबल ११ मेला आहे. आता बोल, आभाळ कोसळतं की नाही.

आईशी मी बोलले. आईचं उत्तर तुला आवडेल. "मुरायी उना बिगर ववूले कोनी धाडस का? तिन्हा मायघरनं मानूस येवाले जोयजे. मंग देखू." न्यायला माहेरचं माणूस आलं पाहिजे. अक्षय्य तृतीयेच्या दोन आखाज्या होतील, म्हणजे या वर्षीची धरून, तुझ्या बायकोला न्यायला माहेरहून कुणी आलं नाही. गावात सगळ्या सासुरवाशिणी जातात. ती ओसरीवर बसून त्यांच्या पिशव्या बघते.

ती पासपोर्ट मागते. मी सांगितलं, नंदुरबारला नोंदणीत अडकले आहेत.

मयूरी

पुरुषोत्तमनगर,
२७ मार्च २०२५

धर्मेंद्र,

सोमवारी लारिसा नंदुरबारला गेली. मला न सांगता. आईला सकाळचं सगळं करून, शोभाबाईला बसवून, आलिनाला हाताला धरून प्रकाशाला आली आणि एसटीने गेली. परदेशी माणसांची नोंद जिथे ठेवतात तिथे जाऊन उभी राहिली. कारकून भला माणूस असावा. त्याने दोनदा रजिस्टर पाहिलं, कपाट पाहिलं, मग तिला बसायला खुर्ची दिली आणि सांगितलं, बाई, आम्ही पासपोर्ट ठेवून घेत नाही. नोंद करून त्याच दिवशी परत देतो. तुमचे डिसेंबर २०२३ मध्येच दिले. घेतल्याची सही आहे. त्याने सही दाखवली.

सही माझी आहे.

तिथून ती शहाद्याला माझ्या शाळेत आली. आठवीचा तास चालू होता. दाराशी उभी राहिली. मी बाहेर आले. पोरं खिडकीतून बघत होती.

"ताई, तठे पासपोर्ट नही."

मी म्हटलं, असं कसं, मी विचारते.

"तुन्हा जोडे शेतस."

माझ्याजवळ आहेत, हे ती ओरडून म्हणाली असती तर मला बरं पडलं असतं. आलिना तिच्या पदराआडून माझ्याकडे बघत होती आणि मी दोघींना स्टाफरूममध्ये नेऊन पाणी दिलं. तिने घेतलं नाही. पोरीलाही घेऊ दिलं नाही. मग म्हणाली, "मी तुले पत्ता लिखी दिधा. तू त्याले मन्हाकरता भांडनी, तव्हय बी तुन्हा जोडेच व्हतात?"

हो, म्हटलं.

"तू त्यान्हाथीन वाईट शे. तो झूठ बोलस, पन दूरथीन बोलस."

आता तू खूश होशील, म्हणून सगळं लिहिते. तू जाताना म्हणालास, ताई, नोंद झाली की दोघींचे पासपोर्ट आणून तुझ्याजवळ ठेव, गावात हरवतील. मी ठेवले. जानेवारीत तू म्हणालास, मागितले तर अडकलेत म्हण. मी म्हटलं. तू सांगितलंस म्हणून नाही. तुझं सांगणं मी आयुष्यात कधी ऐकलं आहे? ती गेली तर आईचं मला करावं लागेल, म्हणून. शाळा सोडावी लागेल, पुरुषोत्तमनगरचं घर सोडून गावी राहावं लागेल, राजेंद्रची तोंडं बघावी लागतील. शाळेतल्या माझ्या कपाटात, दहावीच्या जुन्या उत्तरपत्रिकांखाली मी ते ठेवले. पंधरा महिने मला शांत झोप लागली. फेब्रुवारीत तुला पत्र लिहिलं त्या दिवशी किल्ली माझ्या पर्समध्ये होती. मला वाटलं, तू मे म्हणालास की मी उघडीन. म्हणजे चांगुलपणाही तुझ्या खर्चाने करायचा होता मला.

त्या पत्रातला माझा राग खरा होता. माणूस चोर असून खरा रागावू शकतो. तुलाही ते जमतं, सात मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये.

किल्ली काढली, कपाट उघडलं, तिच्या हातात दिले. तिने दोन्ही उघडून फोटो तपासले. तपासले, लक्षात घे. बँकेतल्यासारखे.

मयूरी

पुरुषोत्तमनगर,
१७ एप्रिल २०२५

धर्मेंद्र,

चुनीलालकाकांना फोन करून तू जे सुरू केलंस त्याचं इथे काय झालं, ते वाच.

रविवारी ओसरीवर काका, त्यांचे दोघं जावई आणि आपल्या गल्लीतले चार जण. आई आत खाटेवर, दार उघडं. लारिसाने चहा दिला. तिच्या समोर, ती अहिराणी समजते हे पुरतं माहीत असून, काका बोलले, "ववूले जावाचं व्हई ते जाऊ द्या. पोर आठेच ऱ्हाई. वासरू दावनले बांधेल ऱ्हायनं का गाय सांजले घर येस."

सगळे हसले. तू हेच म्हणाला होतास, फक्त ओढ म्हणाला होतास. काका कमी शिकलेले आहेत, त्यामुळे त्यांचं लगेच कळतं.

लारिसाने ट्रे खाली ठेवला. "काका, गाय दूध देस तवलगून तिले गाय म्हनतस. मंग काय म्हनतस?" काकांनी मिशीवर हात फिरवला. मग त्यांनी मूळ बाण काढला. मुराळी कुठे आहे? परदेशातून एक माणूस येत नाही, मग माहेर आहे कशावरून? आईने आतून हुंकार दिला. इतकंच हवं होतं त्यांना.

मला बोलायला तोंड नव्हतं, कारण गावाला पासपोर्टाचं कळलं होतं. शोभाबाई.

घरी येऊन मी गालिनाला व्हिडिओ केला. लारिसाने नंबर द्यायला आठवडा घेतला होता. पलीकडे छोटी खोली, दोरीवर वाळत घातलेले हातमोजे. ती रशियन बोलली, मी मराठी, मध्ये मोबाइल अर्धवट भाषांतर करत होता. मी सांगितलं की आमच्याकडे मुलीला न्यायला माहेरहून माणूस यावं लागतं, त्याच्याबरोबरच पाठवतात. तिने विचारलं, न्यायला की सोडवायला? मी म्हटलं, न्यायला. तू जाशील का, असं तिने तुला विचारलं होतं. तू म्हणालास, सुट्टी नाही. तिच्या घरात पुरुष उरलेला नाही. तिलाही सुट्टी नाही. मग म्हणाली, तुमच्यात बाई चालते का?

मला माहीत नव्हतं. मी चाळीस वर्षांत बाई मुराळी पाहिलेली नाही. मी म्हटलं, चालते.

"मग तू जा. मी पाठवलंय म्हणून सांग."

काय घेऊन जायचं तेही तिने विचारलं. मुराळी रिकाम्या हाताने जात नाही. तिने ज्या दुकानाचं नाव सांगितलं ते जगाच्या पलीकडे होतं, म्हणून मी शहाद्याहून साडी घेतली, फळं घेतली, नारळ घेतला आणि मंगळवारी सकाळी गावी गेले. मागच्या दाराने नाही. काकांच्या ओसरीवरून, सगळ्यांना दिसेल अशी. आपल्या घराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिले आणि पाणी दिल्याशिवाय आत गेले नाही. लारिसाने पायावर पाणी घातलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने मला माफ केलेलं नाही, करावं असं मी म्हटलेलंही नाही.

आई म्हणाली, "हाई काय सोंग?"

"मी लारिसाले लेवाले उनी. मुरायी."

"कोनी मुरायी?"

"तिन्ही मायनी. तिनी माले धाडं."

"तू मन्ही पोर शे."

"आज नही."

आई भिंतीकडे वळली, म्हणजे मान वळवली. दारात काका येऊन उभे होते, सोबत त्यांची सून मयतीला जमतात तशा चेहऱ्याच्या दोन बायका घेऊन. मग आई भिंतीकडे बघतच बोलली. आवाज मोठा नव्हता.

"आनि माले कोन देखी?"

सोळा महिने, धर्मेंद्र. मुराळी, रिवाज, माहेर, दावण. सगळ्याच्या खाली एवढं एकच वाक्य होतं आणि ते बोलायला एका पडलेल्या बाईलाच धीर झाला. तुला झाला नाही. मला झाला नाही.

मी म्हटलं, "मी."

"तुले ते भाकर बी गोल जमत नही."

"वाकडी खाशी."

काका पुढे झाले, पोरीचं काय म्हणून. आईने उजवा हात उचलला. "चुन्या, घर जाय. पोर तिन्ही शे." सत्तर वर्षांच्या दिराला ती लहानपणीच्या नावाने बोलली. काका गेले.

तिकिटं गालिनाने पाठवली आहेत. आखाजी झाली की ५ मेला निघतील. तू विमानतळावर येऊ नकोस. हे मी सांगत नाही, ती सांगते.

मयूरी

गाव,
१६ मे २०२५

धर्मेंद्र,

शेवटी तू मला अनब्लॉक केलंस. तीन वेळा फोन आला. तिन्ही वेळा माझे हात आईच्या अंगाखाली होते. म्हणून पत्रच.

नंदुरबार स्टेशनपर्यंत मी गेले. तिथून मुंबईला विमानतळापर्यंत राजेंद्र गेला. मी सांगितलं नव्हतं. बॅग भरून उभा होता. अजून माझ्याशी नीट बोलत नाही, शाळेतून बिनपगारी रजा घेतल्याचं त्याला घरच्यांना सांगावं लागतं. पण गेला. परत येऊन म्हणाला, "पोरगी विमानात बसायला घाबरली नाही. आत जाताना माझ्या पाया पडली. कुणी शिकवलं?" मी म्हटलं, आईचा व्यायाम घेताना शिकली, आजीच पाया पडायला लावायची. तो अंगणात जाऊन उभा राहिला.

११ तारखेचा व्हिडिओ लारिसाने मला पाठवलेला नाही. गालिनाने पाठवला. हॉल भाड्याचा आहे, बाहेर पाटी रशियनमध्ये. टेबलावर फळांचे मनोरे, भाताच्या वड्या, अख्खी शिजवलेली कोंबडी, तिच्या चोचीत मिरची. गालिनाने गुलाबी कोरियन पोशाख घातला होता, तोही भाड्याचा असावा, बाह्या लांब होत होत्या. लारिसा आणि आलिना समोर आल्या आणि दोघींनी डोकं टेकवलं. लारिसा पुष्कळ वेळ उठली नाही. मागून कुणीतरी रशियनमध्ये ओरडलं, पुरे. गालिना रडली नाही. ती टेबलाकडे बघत होती. एकेक ताटावरून नजर फिरवत होती, सगळी आहेत ना असं.

मग तू आलास. सूट घालून. तिने तुला पेला भरू दिला. मोठी बाई आहे. मी भरू दिला नसता.

आता तुझ्या फोनचं. राजेंद्रला तू सांगितलंस ते मला कळलं. लारिसा गालिनाच्या खोलीत राहते. खोली दोघींना पुरत नाही, तिथे तिघी झोपतात. तिने डबे भरण्याच्या कारखान्यात काम धरलं आहे. आलिनाला शाळेत घातलं. त्या वर्गात निम्मी मुलं रशियन बोलतात आणि कोरियन शिकतात. आलिना अहिराणी बोलते. बाईंनी विचारलं, ही कुठली भाषा? ती म्हणाली, घरची. लारिसाने दोघींचं कार्ड वाढवायला दिलं. तुझ्यासाठी सही केली नाही.

तू राजेंद्रला म्हणालास, "ताईने माझं घर फोडलं. २८ जुलैला माझा कागद संपतो. मी जाऊ कुठे?"

या प्रश्नाचं उत्तर तुला येतं. तरी लिहिते. इथे.

घर फोडलं म्हणतोस. मी फक्त कपाट उघडलं, तेही सव्वा वर्ष उशिरा. त्याबद्दल ती मला काय म्हणेल ते मी ऐकून घेईन, ती बोलेल तेव्हा. तुला मात्र माझ्यावर रागावायचा हक्क नाही. आपण दोघांनी मिळून एका बाईला आईच्या खाटेला बांधलं होतं, गाठ तू मारलीस, टोक मी धरलं. मी सोडलं, तू अजून ओढतो आहेस.

लारिसाला फोन करून सहीसाठी रडू नकोस. ती फोन उचलते, कारण आलिनाचा बाप आहेस. त्याचा फायदा घेऊ नकोस. गालिनाला मध्ये घालू नकोस. काकांना घालू नकोस, त्यांना आईने घरी पाठवलं आहे आणि ते अजून घरीच आहेत.

शाळा १६ जूनला उघडते. माझी रजा जुलैअखेरपर्यंत आहे. त्यापुढे मला शाळेत जायचं आहे, आणि मी जाणार आहे.

मला अजून नीट जमत नाही. काल आईच्या कमरेखाली लाल डाग दिसला. डॉक्टर म्हणाले, दर दोन तासांनी कूस बदला. मी लारिसाला निरोप पाठवून विचारलं, कसं करायचं. वाटलं, उत्तर येणार नाही. आलं. शब्द नव्हते. गालिनाला गादीवर आडवं करून तिने व्हिडिओ केला होता: गुडघा कुठे टेकवायचा, एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आधी माणसाला सांगायचं, मग वळवायचं. मी बारा वेळा पाहिला.

आज सकाळी आईने विचारलं, "लता कव्हय येस?"

मी म्हटलं, "लारिसा. ती नही येवाव. धर्मेंद्र येस, जुलैमा."

"त्याले काय येस?"

काही येत नाही, म्हटलं. शिकेल.

व्हिडिओ तुला पाठवला आहे. तुझ्याच बायकोचे हात आहेत त्यात. यायच्या आधी पाठ करून ये.

मयूरी